तंबोऱ्याची गाडी

"चौदा हजार सहाशे!" गाडीच्या खिडकीतून अर्धं अंग आत घालून आमचे हे ओरडले. "कुमुद, अगं इकडे ये, बघ. बारा वर्षांची गाडी आणि रीडिंग चौदा हजार सहाशे! आपला दूधवाला सायकलीवर याच्याहून जास्त फिरला असेल."

"मला इथूनही ऐकू येतंय," मी म्हटलं. "अख्ख्या विश्रामबागेला येतंय."

गाडीचे मालक आप्पा टिकेकर शेडच्या खांबाला टेकून, स्वतःचं कौतुक चाललंय असे हसत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला एकटा माणूस. गाडी पांढरीशुभ्र. सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. पुढच्या काचेपाशी गणपती, दत्त, स्वामी, सगळे ओळीनं दाटीवाटीनं बसलेले.

"मंडळी होती तोवर पौर्णिमेला औदुंबरला जायचो दोघं," आप्पा म्हणाले. "ती गेली आणि मग गाडीही बसली. आता महिन्यातून एकदा शेडातच चालू करतो. बाहेर काढायची ती दसऱ्याला. मात्र पूजा अशी करतो वहिनी, तुम्ही खूश व्हाल. पंचामृताचा अभिषेक, वस्त्रमाळ, अक्षता, नारळ. चारी चाकांखाली लिंबू. लिंबांवरून पुढे, लिंबांवरून मागे, की परत शेडात."

"आणि निर्माल्य?"

"ते टाकायचं कशाला? बोनेटखाली एका कोपऱ्यात ठेवतो. इंजिनाला देवाचा सहवास."

मला कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू! मी पडले भटीण. भक्तिभाव दिसला की मी विरघळते.

हे सगळं मी पौरोहित्य सुरू केलं त्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या वर्षातलं. मुलगा-सून बंगळुरूला गेली, घर खायला उठलं, तेव्हा पन्नाशीत मी पौरोहित्याचा वर्ग लावला. लोक हसले. मग त्याच लोकांनी सत्यनारायणाला बोलावलं, मग मुंजींना, मग लग्नांना. सांगलीतल्या कितीतरी चारचाकींच्या बोनेटवर पहिलं स्वस्तिक माझ्या बोटानं उमटलं. मी मात्र पूजेची पिशवी पोटाशी धरून एसटीत उभी. शेवटी हट्टानं गाडी शिकले, लायसन काढलं, आणि जाहीर केलं की आता गाडी घ्यायची, जुनी का असेना.

"घेऊ की," हे म्हणाले होते. "पण आपल्या गाडीची पूजा कोण करणार? स्वतःच करून स्वतःला दक्षिणा देणार का?"

आमचे हे म्हणजे विनायक दांडेकर. यांची सगळी नोकरी घरोघरी विजेचे मीटर वाचण्यात गेली. माणूस लाखात एक, पण आकड्यापुढे अक्कल गहाण. 'मीटर खोटं बोलत नाही, माणसं बोलतात,' हे यांचं आवडतं वाक्य. त्यामुळे आप्पांच्या गाडीचं रीडिंग पाहिल्यापासून हे तिच्या प्रेमातच पडले. फक्त मी दुसरी एक गाडी बघायची ठरवली होती, म्हणून गाडीला हार घालायचा राहिला.

ती दुसरी होती मिरजेत, हमीदभाईंच्या दारात. हमीदभाई तंबोरे करायचे. दारात भोपळे वाळत पडलेले, आत लाकूड तासल्याचा आणि लाखेचा वास. गाडी राखी रंगाची, मागं लांबलचक डिकी, डिकीत दुहेरी सतरंजी आणि गोधड्या. दारावर दोन पोचे. चाकं मात्र नवी होती आणि काचा लख्ख.

यांनी चष्मा वर केला, आत डोकावले आणि विंचू चावल्यासारखे मागं झाले.

"दोन लाख बारा हजार!"

"आणि थोडी वर," हमीदभाई शांतपणे म्हणाले. "मंगळवेढ्याकडनं भोपळे आणायचे, तंबोरे पुण्याला, बेळगावला, धारवाडला पोचवायचे. दुसरं काय करणार हो? आता मोठी गाडी घेतोय, म्हणून ही काढायची."

"अहो, पृथ्वीला पाच फेऱ्या झाल्या की हिच्या!"

"झाल्या असतील. रस्त्यात कधी बसली मात्र नाही."

हमीदभाईंनी चहा मागवला, रविवारी जतला तंबोरे पोचवले की गाडी मोकळी, म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "गाडी चालवणार कोण?"

"मी."

"असं का?" त्यांनी मला जरा निरखून पाहिलं. "वाळूचा एक ठेकेदार मागतोय ताई. जास्तसुद्धा देतोय. पण तो कशी चालवतो ते मी बघितलंय. नको वाटतं."

हे वाटभर कुरकुरले. "दोन्हींची किंमत उन्नीस-बीस. एक कोरी करकरीत आणि एक पार घासलेली. यात विचार करायचा काय? उद्या तुझं लग्नाचं काम असेल आणि ती म्हातारी आडरानात बसली तर?"

यांचं बोलणं मला पटत होतं, कारण लग्नाचं काम खरोखरच होतं. येत्या रविवारी. आणि ते चुकवून मुळीच चालणार नव्हतं.

ती मुलगी स्वप्नाली. मिरजेतल्या एका दवाखान्यात नर्स होती. मी लावलेलं एक लग्न तिनं तिथल्या मैत्रिणीच्या घरी पाहिलं होतं. दोन महिन्यांपूर्वी आईला घेऊन ती आमच्या घरी आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "काकू, माझं कन्यादान आईच्या हातनं व्हायला पाहिजे. तुम्ही करता ना तसं?"

"करते की. त्यात काय एवढं?"

"आमच्या माळेवाडीत चालत नाही. वडील गेले तेव्हा मी दहावीला. तेव्हापासून आई कुठल्या शुभकार्यात पुढं उभी राहिलेली नाही. अंगणवाडीत सगळ्या गावाची पोरं हिच्या अंगाखांद्यावर वाढली. हळदीला मात्र ही कोठीघरात. चुलते म्हणतात कन्यादान आम्ही नवरा-बायको करू. मी म्हटलं, मग लग्नच करत नाही."

"मग?"

"मग कसंबसं कबूल झाले. म्हणाले, 'आण तुझी ती बाई. पण मुहूर्ताला मांडवात हजर पाहिजे. नसली तर आपले गुरुजी अंतरपाट धरतील आणि पुढचं सगळं आपल्या रीतीनं होईल.' बारा वाजून दहाचा मुहूर्त आहे काकू."

तिची आई शेवंताबाई दाराजवळच्या खुर्चीच्या कडेला बसली होती. "पोरीचा हट्ट आहे ताई," ती हळूच म्हणाली. "मला काय, मी लांबनं बघीन की."

"पोरीचं राहू दे. तुमच्या मनात काय आहे?" मी विचारलं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "हात लावावा वाटतो."

मी शब्द दिला. तर असा तो रविवार. माळेवाडी म्हणजे कवठेमहांकाळ सोडून जतच्या बाजूला आडवाटेला. एसटी बेभरवशाची. हे म्हणाले, "आप्पांनाच विचारतो. त्यांचीच गाडी घेऊन जाऊ. लग्न होईल, ट्रायल होईल आणि येताना सौदा पक्का." मला कल्पना इतकी पसंत पडली की मी यांच्या हातावर साखर ठेवली.

रविवारी सकाळी आम्ही पिशवी घेऊन हजर, तर आप्पा सोवळं नेसून शेडात.

"गाडी बऱ्याच दिवसांनी गाव सोडतेय. पूजेशिवाय कशी काढू?"

"आप्पा, उशीर होईल."

"वहिनी, तुम्ही हे म्हणता?"

झालं! पूजेला उशीर होतो असं भटणीनं म्हणायचं कोणत्या तोंडानं? मी ओट्यावर बसून राहिले. अभिषेक झाला. अथर्वशीर्ष झालं, तेही सावकाश. वस्त्रमाळ झाली. लिंबं मांडली. मग आप्पांना राहुकाळाची आठवण झाली.

"रविवारचा राहुकाळ संध्याकाळी असतो आप्पा," मी दात आवळून म्हटलं. "बसा आता!"

गाडी ते स्वतःच चालवणार होते. मी मागं, हे पुढं. गाडी निघाली आणि मला कळलं की आपण वरातीत बसलोय. सायकलवाले घंटी वाजवून पुढं जात होते. एका बैलगाडीवाल्यानं तर मागं वळून आम्हाला हात केला.

"आप्पा, जरा दाबा की."

"गाडीला सवय नाही हो. दमाने घेऊ."

"पिकअप बघ कसा मऊ आहे!" हे खुशीत म्हणाले. मी यांच्या टकलाकडे बघत जपाची माळ काढली.

मिरज मागं पडली. भोशाच्या अलीकडे चढ लागला. आप्पांनी पहिल्यांदाच जरा जोर दिला, आणि गाडी खोकली. पुन्हा खोकली. मग बोनेटच्या फटीतून धूर आला आणि धुराबरोबर वास आला, तो थेट आमच्या देवघरातला. जळकं तूप, जळका कापूस, भाजलेलं खोबरं.

"होम कुठं पेटलाय?" मी विचारलं.

आप्पांनी गाडी कडेला घेतली, ती तिथंच बसली. बोनेट उघडलं आणि आतून एक गलेलठ्ठ उंदीर आप्पांच्या हातावरून उडी मारून शेतात पळाला.

आत काय थाट होता म्हणता! आठ दसऱ्यांच्या वस्त्रमाळा पिंजून उंदरांनी गादी केलेली. नारळाच्या शेंड्यांच्या भिंती. अक्षता फस्त, सुपाऱ्या कुरतडलेल्या, आणि तोंडी लावायला इंजिनाच्या वायरी. पंचामृताच्या ओघळांवर मुंग्यांची रांग. कुंकवानं सगळं घरटं गुलाबी झालेलं, दृष्ट लागावी असं. एक कोपरा धुमसत होता त्यावर यांनी पाण्याची बाटली ओतली.

आप्पांनी हात जोडले. "गणपतीचं वाहन हो! मी इतकी वर्षं त्यांनाच सांभाळत होतो की काय?"

खरं तर मला रडू यायला हवं होतं, पण मला हसू फुटलं, आणि हसता हसता एकदम शेवंताबाई आठवली. हसू तिथंच विरलं. बारा दहा! तिचे दीर घड्याळाकडे बघत असणार. ती कोठीघरात असणार, आणि तिथंच राहणार.

हे मात्र घरट्याकडे टक लावून बघत होते. "कुमुद," हे अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बंद घराचं मीटरही कमीच पडतं गं. आयुष्यभर तेच लिहीत आलो. कुलूपबंद घर, रीडिंग शून्य. आत घराचं काय झालंय ते कधी बघितलंच नाही."

"ते नंतर बघा. हमीदभाईंचा नंबर आहे ना तुमच्याकडे? ते आज जतला तंबोरे पोचवायला जाणार म्हणाले होते. याच रस्त्यानं."

यांनी नंबर लावून फोन माझ्या कानाला दिला.

"हमीदभाई, निघालात का?"

"निघतोच आहे ताई. का हो?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "सावलीत थांबा."

राखी गाडी आली. आम्ही पांढरी गाडी ढकलून समोरच्या धाब्याच्या अंगणात लावली. आप्पांनी बोनेटवर हात ठेवून तिला "येतो गं," म्हटलं. हमीदभाईंनी मागची सीट तंबोऱ्यांसाठी पाडली होती, ती उभी केली, त्यामुळे एकच तंबोरा डिकीत मावला. दुसरा आला आप्पांच्या मांडीवर.

"आप्पा, भोपळ्याखाली हात ठेवा," हमीदभाई म्हणाले. "तारा उतरवल्यात. एकच चढवून ठेवलीय. गाडी खड्ड्यात गेली की ती बोलते. बोलली की समजायचं, मी चुकलो."

"आणि कधीकधी चुकता?" आप्पांनी विचारलं.

"बघा की आता."

मग गाडी जी सुटली! आप्पांनी डोळेच मिटले. मी पुढं बसून रस्ता बघत होते. कवठेमहांकाळपर्यंत बरा होता, पुढं रस्ता कसला, चाळण. हमीदभाई खड्डा लांबूनच ओळखायचे, आधीच वेग सोडायचे, चाक कडेनं काढायचे, पुन्हा वेग धरायचे. ब्रेक लागलेला कळायचा नाही. गाडीतून कुठून कुईऽ नाही की खडखड नाही. मी मागं वळून तंबोऱ्याकडे बघितलं. तार गप्प.

"हमीदभाई, सगळं अंतर असंच चालवलंत?"

"दुसरं कसं चालवणार? मागं काच ठेवावी तसा तंबोरा असतो. टवका उडाला तर महिन्याची मेहनत वाया."

"दोन लाख बारा हजार," हे मागून पुटपुटले. या वेळी तो आकडा ते निराळ्या सुरात म्हणाले.

माळेवाडीच्या वेशीवर गाडी ओढ्यात उतरली तेव्हा तार एकदा बोलली. टणकन. हमीदभाईंनी जीभ चावली. आप्पा दचकून म्हणाले, "माझा काही हात लागला नाही हं!"

मांडव दिसला. लाउडस्पीकरवरून कोणीतरी सांगत होतं, नवऱ्या मुलाकडच्यांनी बोहल्याजवळ यावे. मी पिशवी छातीशी धरून पळाले. पंचावन्न वर्षांची बाई नऊवारी सावरत पळते तेव्हा लोक आपोआप वाट देतात.

"बाई आल्या! आल्या बाई!" बायकांत एकच गलका झाला.

आत गंमत निराळीच. गुरुजी अंतरपाट घेऊन तयार. नवरदेव पाटावर. स्वप्नालीचा मामा मात्र घराच्या दाराशी अडकलेला, कारण नवरी गौरीहरावरून उठतच नव्हती. "माझी पूजा व्हायचीय," एवढं एकच तिचं चाललेलं. अन्नपूर्णेवर ती अक्षतांचा एकेक दाणा वाहत बसली होती. मी खिडकीतून ओरडले, "पुरे झाली पूजा! ऊठ आता!" तशी ती ताडकन उठली आणि मामाच्याच पुढं चालू लागली.

चुलते शामराव, फेट्यातला उंचापुरा माणूस, घड्याळ बघत माझ्यापुढं आले. "चार मिनिटं राहिलीत बाई."

"म्हणजे मी हजर आहे ना?"

"आहात," ते म्हणाले. शब्दाला पक्का माणूस होता, एवढं खरं. गुरुजींनी अंतरपाट माझ्या हातात दिला आणि माझ्या कानाशी म्हणाले, "बरं झालं बाई. मला जतला दुसरं लग्न आहे."

मंगलाष्टक म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. धूळ, धावपळ आणि सकाळपासून घातलेल्या शिव्या, तोंडातून न काढलेल्या. तेवढ्यात मांडवाच्या कडेनं षड्ज आला, भरदार आणि गोल. उन्हात गाडीत तंबोरा ठेवायचा नाही म्हणून हमीदभाई तो आत घेऊन आले होते, खांबाशी बसून त्यांनी तारा चढवल्या होत्या. मी त्या सुरात पाय टाकला आणि माझा आवाज आला तो असा आला की मलाच नवल वाटलं. 'सावधान'ला अक्षता पडल्या तेव्हा आप्पा टिकेकर सगळ्यांत उंच हात करून टाकत होते, नवरा कोण नि नवरी कोण याचा पत्ता नसताना.

मग कन्यादान. शामराव आणि त्यांची बायको सवयीनं पाटाकडे निघाले, दोन पावलं गेले आणि थांबले.

"शेवंताबाईंना बोलवा," मी म्हटलं.

कोणी हललं नाही. मग शामरावच मोठ्यानं म्हणाले, "वहिनी कुठायत? बोलवा की कोणीतरी!"

ती कोठीघरातून आली. हाताला नारळाची धूळ, साडी साधीच. बायकांच्या रांगेतून येताना ती भिंतीच्या कडेनंच चालत होती, जागा मोकळी असूनसुद्धा. मी तिला मधोमध पाटावर बसवलं. तिच्या ओंजळीत लेकीचे हात ठेवले. पाणी घालायला झारी हवी होती, ती तिच्या जावेनं आपण होऊन उचलली. पाण्याची धार पडली, आईच्या हातावरून लेकीच्या, लेकीच्या हातावरून जावयाच्या. शेवंताबाईनं लेकीचे हात इतके घट्ट धरले की पाणी चौफेर उडालं, माझ्या साडीवर, पोथीवर, सगळीकडे. मंत्र म्हणता म्हणता मी रडत होते. हे खांबामागं नाक पुसत होते. नवरी तेवढी हसत होती, सगळे दात दाखवून.

जेवणं झाली. जिलेबी संपवून हे हमीदभाईंपाशी गेले आणि अवघडत म्हणाले, "भाई, गाडी देता का आम्हाला?"

"आधी ताई चालवू देत," हमीदभाई म्हणाले. "जतपर्यंत. मग सांगतो."

आता परीक्षा माझी. मी बसले, आरसा नीट केला, पदर खोचला. तंबोरा आप्पांच्या मांडीवर. पहिल्याच गतिरोधकाला तार बोलली. माझे कान लाल झाले.

"एक चालतंय," हमीदभाई म्हणाले.

मग मी दात-ओठ खात रस्ता बघायला लागले. थोड्या वेळानं दात-ओठ सुटले. गाडी माझं ऐकत होती. पुढं जायचं म्हटलं की जायची, थांब म्हटलं की थांबायची. इतक्या लोकांच्या गाड्यांना मी कुंकू लावलं, पण गाडी म्हणजे काय हे मला त्या रस्त्यावर समजलं. जत आलं तरी मागून आवाज आला नाही. नंतर पाहिलं तर आप्पा तंबोऱ्याला मिठी मारून झोपलेले होते.

हमीदभाईंनी तंबोरे उतरवले, किल्ली माझ्या हातात दिली आणि एकदा बोनेटवरून हात फिरवला. "पुढच्या डाव्या खिडकीला जरा हिसका द्यावा लागतो," ते म्हणाले आणि घाईनं आत निघून गेले.

पुढच्या आठवड्यात कागद झाले आणि गाडी कायमची आमच्या दारात आली. आप्पांनी मेकॅनिककडून आपल्या गाडीच्या सगळ्या वायरी बदलून घेतल्या होत्या. आता ते दर पौर्णिमेला औदुंबरला जाणार होते आणि निर्माल्य कृष्णेकाठी झाडाखाली ठेवणार होते. हे दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "दोन लाख बारा हजार आणि वर! साधी गोष्ट नाही!"

"आता बोल," हे मला म्हणाले. "पूजा कोण करणार?"

"ती येतेय की," मी म्हटलं. "एसटीनं."

शेवंताबाईंना मी नुसतं गाडी बघायला या म्हणून बोलावलं होतं. त्या आल्या, गाडीभोवती एक चक्कर मारून "चांगली आहे हो," म्हणाल्या आणि सवयीनं कडेला जाऊन उभ्या राहिल्या. मी हळद-कुंकवाचं तबक त्यांच्या हातात दिलं.

"हे काय ताई?"

"पूजा तुम्ही करायची. मंत्र मी म्हणते."

"माझ्या हातनं?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघतंय का म्हणून. "नवी वस्तू. कुणी सवाष्ण बोलवा ताई."

"मला तुमचाच हात पाहिजे. पोरीला लावला तोच."

त्यांनी कुंकवात बोट बुडवलं, किती वेळ तसंच धरलं, आणि मग बोनेटवर स्वस्तिक काढलं. अंगणवाडीच्या फळ्यावर काढतात तसं, मोठं, ठळक, एक रेघ तिरकी. ते बघून स्वतःच हसल्या. यांनी चाकांखाली लिंबं ठेवली. मी शेवंताबाईंना पुढं माझ्या शेजारी बसवलं, गाडी सुरू केली, आणि चारही लिंबं फुटल्याचा आवाज आला तशी त्या टाळ्या वाजवून म्हणाल्या, "फुटली, फुटली!"

"चला, माळेवाडीपर्यंत सोडते तुम्हाला," मी म्हटलं आणि हात पुसायला रुमाल पुढं केला.

त्यांनी तो घेतला नाही. कुंकवानं माखलेलं बोट दुसऱ्या हातानं जपून धरलं.

"राहू द्या ताई," त्या म्हणाल्या. "स्वप्नाली पाचपरतवणाला आलीय घरी. तिला दाखवायचंय."

मग तिथून माळेवाडीपर्यंत मी एकेक खड्डा चुकवत गाडी नेली. मागं तंबोरा नव्हता, तरीही.